मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करताना हार्डडिस्क मागे पडते: दोष नेमका कशात असावा?

मिरजेचा वीणेकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाचे अभंग घरच्या दिवाणखान्यात मल्टिट्रॅक पद्धतीने रेकॉर्ड करण्याचे काम मी काही महिन्यांपासून अंगावर घेतले आहे. एका वेळी १२ ट्रॅक घ्यावे लागतात: मुख्य गायकाला एक, मागे धरणाऱ्यांना चार, पेटीला दोन, पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना एकेक, टाळांना एक आणि खोलीचा नाद टिपण्यासाठी दोन मायक्रोफोन. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर होते. लॅपटॉप जुना आहे. त्यात ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि ५४०० आरपीएमची १ टीबी हार्डडिस्क आहे. आतल्या डिस्कवर जागा पुरत नाही म्हणून मी २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर रेकॉर्ड करतो. ती यूएसबी ३ची असून साधारण ८५ टक्के भरलेली आहे. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम क्यूबेस आहे.

पहिला अर्धा-पाऊण तास सगळे सुरळीत चालते. त्यानंतर मात्र ऑडिओ परफॉर्मन्सच्या खिडकीत डिस्कची लाल खूण पेटते आणि ऐन अभंगात रेकॉर्डिंगमध्ये खंड पडतो. गजराच्या टिपेला मंडळी पोचलेली असताना त्यांना थांबवणे किती अवघड असते, हे येथील जाणकारांना सांगायला नको. कोड्याची गोष्ट अशी की, याच डिस्कची गती क्रिस्टलडिस्कमार्कने मोजली असता वाचन आणि लेखन दोन्ही सेकंदाला १०० एमबीच्या वर दिसते. दुकानदाराच्या मते लॅपटॉपच बदलायला हवा. तो खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे समजून घ्यावे असे वाटते.

कळफलक

एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) घ्या. प्रश्न मिटेल.

डोंबिवलीचा मिक्सर

कळफलक यांचा सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो, पण दोष डिस्कचा आहे हे ठरण्यापूर्वी डिस्क विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. आधी थोडा हिशेब मांडू.

२४ बिटांचे एक सॅम्पल, म्हणजे आवाजाचे एक मोजमाप, ३ बाइटचे असते. सेकंदाला ४८,००० सॅम्पल म्हणजे एका ट्रॅकला १,४४,००० बाइट लागतात. १२ ट्रॅकचे मिळून सेकंदाला सुमारे १.७३ एमबी होतात आणि तासाभरात ६.२ जीबी. क्यूबेसमध्ये ३२ बिट फ्लोट निवडले असेल, तर हाच आकडा सेकंदाला २.३ एमबीपर्यंत जातो. तुमची डिस्क १०० एमबी दाखवते, म्हणजे गरजेच्या चाळीस-पन्नास पट. तरीही ती मागे पडते, याचा अर्थ तो १०० एमबीचा आकडा या कामाच्या उपयोगाचा नाही.

तो आकडा एकच मोठी फाइल सलग लिहिली असता मिळतो. मल्टिट्रॅकमध्ये मात्र १२ फाइली एकाच वेळी वाढत असतात आणि डिस्कच्या हेडला, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाला, एकीकडून दुसरीकडे सतत धावावे लागते. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा वेळ लॅपटॉपच्या डिस्कमध्ये साधारण १२ मिलिसेकंद धरावा. म्हणजे लिहिण्या-वाचण्याची विखुरलेली एक विनंती पुरी व्हायला १७-१८ मिलिसेकंद, आणि सेकंदाला जेमतेम ५५ विनंत्या.

आता प्रोग्रॅम प्रत्येक ट्रॅक ६४ केबीच्या तुकड्यांत लिहितो असे समजू. एका ट्रॅकला सेकंदाला २.२ तुकडे, १२ ट्रॅकना २६. म्हणजे डिस्कची निम्मी ताकद येथेच खर्ची पडली. त्याच वेळी आधीचे १२ ट्रॅक ऐकवायचे असतील, तर विनंत्या ५३ होतात आणि डिस्क काठावर येते. तुकडा २५६ केबीचा असेल, तर नुसत्या लेखनाचा भार सेकंदाला सात विनंत्यांपर्यंत उतरतो. प्रत्यक्षात विंडोज अनेक छोटी लेखने साठवून एकत्र पाठवते, त्यामुळे परिस्थिती या हिशेबाइतकी वाईट नसते. परंतु अँटिव्हायरस, शोधसूची किंवा एखादे अपडेट मध्येच त्याच डिस्कवर हात घालते, तेव्हा शिल्लक किती पातळ आहे ते कळते. शिवाय मेगाबाइटचा आकडा सरासरीचा असतो आणि रेकॉर्डिंगला सरासरी चालत नाही. सगळ्यांत लांबलेला एकच थांबा बफरपेक्षा (आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यापेक्षा) मोठा ठरला, तर बाकीचा तास कितीही उत्तम गेला असला तरी खंड पडतो.

म्हणून विचारतो. खंड पडतो म्हणजे रेकॉर्डिंग थांबते, की फाइलमध्ये कट्-कट् आवाज येतो? तो सर्व ट्रॅकवर एकाच क्षणी असतो का? हेडफोनमध्ये ऐकू आलेला आवाज नंतर फाइलमध्येही सापडतो का? तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या दिशेला नेतात. हेडफोनमध्ये कडकड ऐकू आली आणि फाइल मात्र स्वच्छ निघाली, तर डिस्क निर्दोष आहे आणि प्रोसेसर किंवा ड्रायव्हर पाहावा लागेल. सर्व ट्रॅकवर एकाच सॅम्पलला बारीक टिचकी असेल, तर संशय इंटरफेसच्या (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) यूएसबी बाजूवर जातो. प्रोग्रॅमने स्वतः डिस्कची खूण दाखवून सेकंद-दोन सेकंदांचा आवाज गाळला असेल, तरच डिस्कचे नाव घ्यावे.

उपनगरातला पेटीमास्तर

इंटरफेसच्या पॅनेलमध्ये बफर २५६ ऐवजी १०२४ करून पाहा. माझी अशीच अडचण त्याने गेली होती.

डोंबिवलीचा मिक्सर

पेटीमास्तर, त्या दोन बफरांची गल्लत होऊ देऊ नये. इंटरफेसचा २५६ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंदांचा असतो आणि १०२४चा २१.३ मिलिसेकंदांचा. प्रोसेसरला श्वास घ्यायला तो उपयोगी पडतो, आणि तुमची त्या वेळची अडचण बहुधा प्रोसेसरचीच असावी. डिस्क दोन सेकंद अडली, तर २१ मिलिसेकंदांनी काय होणार? डिस्कसाठीचा बफर प्रोग्रॅमच्या आत वेगळा असतो. क्यूबेसमध्ये डिस्क प्रीलोड नावाची सोय आहे, परंतु तीही वाजवण्यापूर्वी आवाज आधीच रॅममध्ये भरून ठेवण्यासाठी आहे, लिहिण्यासाठी नाही.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. १२ ट्रॅकचा दहा सेकंदांचा आवाज १७-१८ एमबींत मावतो. आजच्या ८ जीबी रॅममध्ये तेवढी जागा सहज राखून ठेवता येईल. तरीही बरेच प्रोग्रॅम लिहिण्याच्या बाजूने इतका कमी साठा का करतात, हे मला पटलेले नाही.

मिरजेचा वीणेकरी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. हेडफोनमध्ये कडकड येत नाही. लाल खूण पेटते आणि फाइलमध्ये एक ते तीन सेकंदांचा आवाज गाळलेला सापडतो, सर्व ट्रॅकवर. एकदा रेकॉर्डिंग आपोआप थांबलेही होते.

फोंड्याचा घुमटकार

मग यूएसबीची बाजू तपासून वेगळी काढता येईल. इंटरफेस आणि डिस्क एकाच हबवर लावले आहेत का? आवाजाच्या प्रवाहासाठी यूएसबीवर वेळ आधीच राखून ठेवलेला असतो आणि डिस्कला उरलेला वेळ मिळतो, त्यामुळे झळ लागलीच तर ती आधी डिस्कला लागते. परंतु आपला इंटरफेस यूएसबी २चा असेल आणि डिस्क खरोखरच यूएसबी ३ने जोडली गेली असेल, तर एका हबवर असूनही दोघांच्या तारा वेगळ्या असतात, कारण यूएसबी ३च्या केबलमध्ये जुनी जोडी तशीच ठेवून नव्या जोड्या घातलेल्या असतात. सैल पिन, स्वस्त केबल किंवा चुकीचे पोर्ट यांमुळे डिस्क मुकाट्याने यूएसबी २वर उतरते, तेव्हा दोघे एकाच ४८० मेगाबिटांच्या वाटेवर येतात आणि डिस्कची गती ३०-४० एमबीच्या पुढे जात नाही. आपल्याला १०० एमबी मिळतात, म्हणजे जोडणी यूएसबी ३चीच आहे.

विजेचेही पाहावे. यूएसबी २चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर डिस्क आणि इंटरफेस दोन्ही टांगले, तर डिस्क मधूनच बंद पडून पुन्हा फिरू लागण्याचा प्रकार होतो, आणि त्यात काही सेकंद सहज जातात. त्या वेळी डिस्कमधून हलका टक् असा आवाज येतो. तो कधी ऐकला आहे का?

तिसरी गोष्ट झोपेची आहे. पुष्कळ पोर्टेबल डिस्क काही मिनिटे काम नसले की स्वतःहून फिरणे थांबवतात. मंडळी चहाला थांबली आणि परत येऊन लगेच रेकॉर्डचे बटण दाबले, तर पहिले काही सेकंद हमखास जातात. मात्र आपली अडचण चालू अभंगात येते, त्यामुळे हे कारण येथे बसत नाही.

मिरजेचा वीणेकरी

दोन्ही वेगवेगळ्या पोर्टांवर थेट लॅपटॉपला लावलेले आहेत. टक् असा आवाज आलेला नाही.

जुन्या डिस्कांचा वैद्य

मी डिस्कमधला डेटा परत मिळवण्याचे काम करतो, त्यामुळे माझा संशय वेगळ्या जागी आहे. वीणेकरी, दोन प्रश्न. रेकॉर्डिंगच्या आधी त्याच दिवशी त्या पोर्टेबल डिस्कवर आपण दुसरे काही मोठे लिहिता का? आणि डिस्क रात्रभर नुसती जोडून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती चांगली चालते का?

मिरजेचा वीणेकरी

होय. बैठकीच्या आधी मी मागच्या बैठकीचे काम आतल्या डिस्कवरून पोर्टेबलवर हलवतो, साधारण २०-२५ जीबी. रात्रभर जोडून ठेवण्याचा प्रयोग केलेला नाही.

जुन्या डिस्कांचा वैद्य

मग बहुधा उत्तर हाती लागले आहे. आपली डिस्क एसएमआर प्रकारची असावी. २.५ इंची, १ टीबी आणि त्याहून मोठ्या पोर्टेबल डिस्कांमध्ये हे तंत्र आता सर्रास वापरले जाते, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

डिस्कमधले लिहिणारे हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असते. जुन्या पद्धतीत तबकडीवरचे माग, म्हणजे डेटा लिहिण्याच्या गोल रेषा, एकमेकांना न लागता आखले जातात. एसएमआरमध्ये प्रत्येक माग आधीच्या मागाच्या काही भागावर चढवतात, कौलारू छपरावर एका ओळीची कौले खालच्या ओळीवर चढवावीत तसे. वाचणारे हेड अरुंद असल्यामुळे उघडा राहिलेला भाग त्याला पुरतो, आणि तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो. अडचण लिहिताना येते. मधला एक माग बदलायचा, तर त्यावर चढलेले पुढचे मागही उचलून पुन्हा लिहावे लागतात. म्हणून डिस्क मागांचे पट्टे पाडते, आणि एका पट्ट्यात शेकडो मेगाबाइट असू शकतात.

प्रत्येक छोट्या लेखनासाठी असा पट्टा उलथणे परवडत नाही. त्यामुळे तबकडीचा काही भाग जुन्या पद्धतीने आखून राखीव ठेवलेला असतो. नवे लेखन आधी तेथे पडते आणि डिस्कला उसंत मिळाली की ती ते पट्ट्यांमध्ये नीट बसवते. हे सारे डिस्कच्या आतच चालते. विंडोजला किंवा क्यूबेसला त्याचा पत्ता नसतो. राखीव भाग रिकामा आहे तोवर डिस्क उत्तम वागते. तो भरला की प्रत्येक नव्या लेखनाआधी जुने हलवणे सुरू होते, आणि एकेका विनंतीला मिलिसेकंदांऐवजी सेकंद लागू लागतात. आपण बैठकीच्या तोंडावर २०-२५ जीबी ओतता, तेथेच राखीव भाग बराचसा संपतो. उरलेला भाग पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात भरतो आणि मग लाल खूण पेटते. डिस्क ८५ टक्के भरलेली असल्याने आवरायला मोकळे पट्टेही थोडेच मिळतात. क्रिस्टलडिस्कमार्क डीफॉल्ट मांडणीत केवळ १ जीबीची फाइल वापरतो, म्हणून त्याला यातले काही दिसत नाही.

पडताळा सोपा आहे. विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या पानावर प्रतिसादाच्या वेळेचा रकाना पाहावा. यांत्रिक डिस्कला १०-३० मिलिसेकंद ठीक मानावेत. लाल खुणेच्या क्षणी तेथे हजारांतले आकडे दिसले, तर प्रश्न डिस्कच्या आतला आहे. त्यासाठी मंडळींना बोलवायचीही गरज नाही. मायक्रोफोन बंद ठेवून १२ ट्रॅक रेकॉर्डला लावावेत. वेव्ह फाइलमध्ये शांतताही आवाजाइतकीच जागा घेते. मॉडेल क्रमांकावरूनही खात्री करता येईल. या तंत्राची माहिती दडवल्यावरून २०२० साली बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर मोठ्या उत्पादकांनी आपापल्या एसएमआर मॉडेलांच्या याद्या जाहीर केल्या.

क्षितिज_बे_एरिया

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. लॉजिक या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये डिस्क मंद असल्याचा किंवा यंत्रणेवर भार आल्याचा जो −१०,०१० क्रमांकाचा संदेश येतो, त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. एखाद्या ट्रॅकवर जड रिव्हर्ब लावल्याने प्रोसेसर गुदमरला तरी तोच संदेश येतो. प्रो टूल्स या दुसऱ्या प्रोग्रॅमचा डिस्क फार मंद किंवा विखुरलेली असल्याचा −९,०७३ हा संदेश मात्र त्या मानाने सरळ आहे. दुसरे म्हणजे, एपीएफएस ही मॅकची डिस्कवर फाइली मांडण्याची रचना एसएसडी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. फिरत्या डिस्कवर तिची नोंदवही जागोजागी विखुरते आणि काही महिन्यांत डिस्क जड होते. रेकॉर्डिंगपुरती वापरायची फिरती डिस्क जुन्या मॅक ओएस एक्स्टेंडेडमध्येच फॉरमॅट करावी, आणि स्पॉटलाइट व टाइम मशीन यांना त्या डिस्कपासून दूर ठेवावे.

कळफलक

डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे) केले का कुणी?

जुन्या डिस्कांचा वैद्य

एसएमआर डिस्कवर डीफ्रॅग म्हणजे संपूर्ण डिस्क पुन्हा लिहायला लावणे होय. आजाऱ्याला डोंगर चढवू नये. साध्या डिस्कवर ते उपयोगी पडते, कारण एकाच वेळी वाढलेल्या १२ फाइलींचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि नंतर वाचताना हेडची धावपळ वाढते. एसएसडीवर त्याची आवश्यकताच नाही.

मिरजेचा वीणेकरी

सर्वांना कळवण्याजोगी माहिती आहे. वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे पोर्टेबल डिस्कवर एक मोठा फोल्डर ओतून लगेच १२ रिकामे ट्रॅक रेकॉर्डला लावले. सुरुवातीला प्रतिसादाचा रकाना २० मिलिसेकंदांच्या आसपास होता. नंतर तो मध्येच ८००, १,५०० असा उसळू लागला आणि ४,००० पार गेला तेव्हा लाल खूण पेटली. त्या वेळी डिस्कवर लिहिले जात होते सेकंदाला जेमतेम १ एमबी. मग डिस्क रात्रभर जोडून ठेवली आणि सकाळी काहीही न ओतता तीच चाचणी केली, तर दोन तासांतही खूण पेटली नाही. मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत एसएमआर म्हणून सापडला.

आता आतल्या डिस्कवर जागा करून तेथेच रेकॉर्ड करावे, असा विचार आहे. विंडोजही त्याच डिस्कवर आहे, याची थोडी धास्ती वाटते.

डोंबिवलीचा मिक्सर

उत्तम. आतल्या डिस्कवर १२ ट्रॅक नुसते लिहायला हरकत नाही. सेकंदाला पावणेदोन एमबीचेच काम आहे. विंडोजला मात्र थोडा लगाम घालावा लागेल. बैठकीच्या दिवशी अपडेट पुढे ढकलावेत. रेकॉर्डिंगचा फोल्डर शोधसूचीतून काढावा. विंडोज डिफेंडरच्या तात्काळ तपासणीतून तेवढाच एक फोल्डर वगळावा. अख्खा डिफेंडर बंद करू नये. वन ड्राइव्ह किंवा तत्सम सेवा त्या फोल्डरवर लक्ष ठेवून असेल, तर ती थांबवावी, कारण चालू रेकॉर्डिंगची वाढती फाइल ती पुन्हा पुन्हा वाचायला जाते. या सर्वांत हाच अपराधी मला सर्वाधिक वेळा भेटला आहे आणि त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. डिस्क किमान पाचवा हिस्सा रिकामी ठेवावी. तबकडीच्या आतल्या बाजूचे माग लहान असतात, त्यामुळे भरत आलेल्या डिस्कची सलग गतीही बाहेरच्या भागाच्या जवळपास निम्म्यावर येते.

पुढे कधी साध्या बाह्य डिस्कवर रेकॉर्ड करायचे झाले, तर आणखी एक सेटिंग पाहावे. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी झटपट काढून घेण्याचे धोरण आपोआप निवडलेले असते आणि त्यात लेखनाचा साठा रॅममध्ये केला जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीजच्या पानावर बेटर परफॉर्मन्स निवडल्यास छोटी लेखने एकत्र होऊन जातात. मात्र त्यानंतर डिस्क रीतसर इजेक्ट केल्याशिवाय उपटू नये.

फोंड्याचा घुमटकार

थोडे अवांतर वाटेल, पण लॅपटॉप कुठे ठेवता? आमच्याकडे घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये घेताना लॅपटॉप त्याच टेबलावर असला की फिरती डिस्क अडखळायची. टेबल वेगळे केले आणि त्रास संपला. ही अंधश्रद्धा नव्हे. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कांच्या रॅकसमोर मोठ्याने ओरडून त्यांचा प्रतिसाद किती लांबतो, ते मोजून दाखवले होते. हेड मागावरून किंचित हलले, तरी लेखन थांबवून पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. पखवाजाची धूम लाकडी फळीवरून सरळ डिस्कपर्यंत पोचते.

मिरजेचा वीणेकरी

लॅपटॉप पखवाजवाल्यांच्या शेजारच्या चौरंगावरच असतो! तो आता शेजारच्या खोलीत हलवला आहे.

आतल्या डिस्कवर दोन बैठका निर्विघ्न पार पडल्या. नवी अडचण अशी की, मागे धरणाऱ्यांचे चार आवाज पुन्हा घ्यायचे होते. आधीचे १२ ट्रॅक ऐकवत चार नवे रेकॉर्ड करू लागलो, तेव्हा एका ठराविक अभंगात पुन्हा लाल खूण पेटली. बाकीच्या अभंगांत काही त्रास नाही. त्या अभंगात मी वेगवेगळ्या आवर्तनांमधले चांगले भाग कापून जोडले आहेत.

डोंबिवलीचा मिक्सर

कारण त्या कापाकापीतच आहे. सलग ट्रॅक वाचताना प्रोग्रॅम पुढचा मोठा तुकडा एका दमात उचलतो. कापून जोडलेल्या ट्रॅकवर दर दोन-चार सेकंदांनी वेगळ्या फाइलमधल्या वेगळ्या जागी उडी मारावी लागते. त्यात आपण पखवाज आणि टाळ सर्व ट्रॅकवर एकाच ठिकाणी कापले असणार, म्हणजे १२ उड्या एकाच क्षणी. वर मांडलेल्या ५५ विनंत्यांच्या हिशेबात ही गर्दी बसत नाही.

कापणीवर समाधान झाले असेल, तर प्रत्येक ट्रॅकचे सर्व तुकडे निवडून बाउन्स सिलेक्शन करावे. त्यातून एक नवी सलग फाइल तयार होते. जोडकामाची मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. त्याहून सोपे म्हणजे, सध्याच्या मिश्रणाचा एकच स्टिरिओ ट्रॅक काढून गायकांना तोच ऐकवावा. त्यांना पखवाजाच्या दोन पुड्या वेगळ्या ऐकण्याची गरज नसते. मग मूळ १२ ट्रॅक नुसते म्यूट न करता डिसेबल करावेत. क्यूबेसमध्ये म्यूट केलेला ट्रॅकही डिस्कवरून वाचला जातच राहतो, फक्त त्याचा आवाज खाली येतो. डिसेबल केल्यावरच डिस्कचे काम थांबते.

उपनगरातला पेटीमास्तर

म्यूटची ही गोष्ट आजवर कुणी सांगितली नव्हती. धन्यवाद.

कळफलक

आता तरी एसएसडी घ्या म्हणू का?

डोंबिवलीचा मिक्सर

आता अवश्य म्हणा. एसएसडीमध्ये हेडही नाही आणि फेराही नाही; विखुरलेली विनंती मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात पुरी होते. जुन्या लॅपटॉपसाठी २.५ इंची साटा एसएसडी पुरेशी आहे. महागड्या गतीच्या मागे लागू नये, आपली गरज सेकंदाला पाच एमबीसुद्धा नाही. अगदी स्वस्त एसएसडी जवळजवळ पूर्ण भरली की त्याही अडखळतात, म्हणून १५-२० टक्के जागा मोकळी सोडावी. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर ती काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवता येते आणि जुनी डिस्क आतच राहते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळतात. आधी मोजावे, मग मागवावे.

मिरजेचा वीणेकरी

स्टिरिओ ट्रॅक काढून आणि बाकीचे डिसेबल करून तो अभंग काल पूर्ण झाला. एसएसडी मागवली आहे. डीव्हीडी ड्राइव्ह ९.५ मिलिमीटरची निघाली. शेवटची शंका: ती एसएमआर पोर्टेबल डिस्क आता टाकून द्यावी काय?

जुन्या डिस्कांचा वैद्य

मुळीच नाही. साठवणीसाठी ती योग्यच आहे. बैठक संपल्यावर त्या दिवसाचे काम तिच्यावर उतरवावे आणि प्रत पूर्ण झाल्यावर डिस्क लगेच न उपटता तासभर तशीच जोडून ठेवावी, म्हणजे तिला आतले आवरायला वेळ मिळतो. तीच एकमेव प्रत असू नये, एवढे पाळावे.

जाण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही जुन्या डिस्कांची स्मार्ट नोंद (डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद) एकदा पाहून घ्यावी. ०५ या ओळीत बदली दिलेले सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे) असतात आणि सी५ या ओळीत वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर. सी५चा कच्चा आकडा शून्याहून वर असेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वाढत असेल, तर त्या डिस्कवरचे सर्व काही आजच दुसरीकडे उतरवावे, कारण असा सेक्टर वाचण्याच्या प्रयत्नातच डिस्क कित्येक सेकंद अडते आणि ते लक्षण रेकॉर्डिंगमध्ये हुबेहूब मंद डिस्कसारखे दिसते. सी७ ही ओळ वेगळी आहे. ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडणीतल्या चुका मोजते. नवी कॅडी बसवल्यावर जुन्या डिस्कचा सी७ वाढू लागला, तर डिस्कला दोष न देता कॅडीचा कनेक्टर काढून पुन्हा नीट बसवावा. तो आकडा मागे येत नाही, म्हणून बसवण्यापूर्वी किती होता ते लिहून ठेवावे.